पुनरारंभ की अनुवृत्ती? : 'कृष्णविवर'नंतरची मराठी विज्ञानकथा आणि तिची पूर्वपरंपरा

सारांश

एखादी विज्ञानकल्पित मालिका काही वर्षांच्या खंडानंतर पुन्हा सुरू झाली, की ती जुन्या मालिकेचा पुढील भाग मानावी की नवा आरंभ, असा वाद रसिकांमध्ये होतो. हा वाद केवळ दूरचित्रवाणीपुरता मर्यादित नाही. मराठी विज्ञानकथेच्या इतिहासलेखनातही तो वेगळ्या शब्दांत उपस्थित आहे. १९७४ मध्ये जयंत नारळीकर यांच्या 'कृष्णविवर' या कथेपासून सुरू झालेली विज्ञानकथा ही आधीच्या परंपरेची अनुवृत्ती आहे, तिचा पुनरारंभ आहे, की या दोहोंहून निराळे काही आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. त्यासाठी स्मृती, कार्यकारणभाव आणि नामरूप हे तीन निकष वापरले आहेत.

बीजशब्द : विज्ञानकथा, पुनरारंभ, अनुवृत्ती, शाखाभेद, पुराणकथा, वाङ्मयेतिहास.

१. प्रस्तावना

मराठी विज्ञानकथेचा परिचय करून देणाऱ्या लेखनात दोन विधाने वारंवार आढळतात. नारळीकर हे मराठी विज्ञानकथेचे जनक होत, हे पहिले विधान. मराठी विज्ञानकथेला शंभराहून अधिक वर्षांची परंपरा आहे, हे दुसरे. कित्येकदा ही दोन्ही विधाने एकाच लेखात, काही परिच्छेदांच्या अंतराने येतात आणि त्यांतील विसंगती कोणास खटकत नाही. परंपरा शंभर वर्षांची असेल, तर तिचा जनक १९७४ मध्ये कसा अवतरतो? आणि जनक १९७४ चा असेल, तर त्याआधीच्या सात दशकांत जे लिहिले गेले त्यास काय म्हणावे?

यात भर घालणारे तिसरे विधान साहित्यव्यवहाराबाहेरून येते. पुष्पक विमान, संजयाची दिव्यदृष्टी, ब्रह्मास्त्र यांचे दाखले देऊन आपली पुराणे हीच आद्य विज्ञानकथा होत, असे ते विधान सांगते. अकोल्यासारख्या गावी या विधानाला स्थानिक धारही आहे. प्रवरेच्या काठी अगस्ती ऋषींचा आश्रम आहे. महाशिवरात्रीला तेथे यात्रा भरते. आणि अगस्त्यांच्या नावावरील संहितेत विद्युत्घटाची कृती सांगितली आहे, असा दावा व्याख्यानांतून केला जातो. विज्ञानकथा शिकविणाऱ्या अध्यापकाला वर्गात या दाव्याला केव्हा ना केव्हा सामोरे जावे लागते.

म्हणजे एकूण तीन उत्तरे समोर आहेत : आरंभ १९७४ चा, आरंभ विसाव्या शतकाच्या प्रारंभाचा, आणि आरंभ पुराणकाळाचा. यांतील निवड ही केवळ सनावळीची बाब नाही. विज्ञानकथा म्हणजे काय, याविषयीची आपली समजूत या निवडीत अनुस्यूत असते.

२. संज्ञांचा विचार

'रीबूट' ही संज्ञा संगणकाच्या व्यवहारातून कथाव्यवहारात आली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला असता त्याची चालू स्मृती पुसली जाते, परंतु साठवून ठेवलेल्या धारिका शाबूत राहतात. कथामालिकेच्या पुनरारंभातही हेच घडते. पात्रांची नावे, स्थळे, मूळ प्रसंग ही सामग्री राहते. मात्र आधी काय घडले याची आठवण कथेला राहत नाही. मराठीत अशा प्रकारास 'नवा गडी, नवे राज्य' म्हणता येईल. याउलट अनुवृत्ती म्हणजे जमाखर्चाच्या वहीतील 'मागील पानावरून पुढे'. मागील पानाची बेरीज जशीच्या तशी नव्या पानाच्या माथ्यावर येते, आणि ती चुकलेली असेल तर ती चूकही सोबत येते.

पाश्चात्य दूरचित्रवाणीतील तीन उदाहरणांवरून हा भेद स्पष्ट होतो. ब्रिटनमधील 'डॉक्टर हू' ही मालिका १९६३ मध्ये सुरू झाली, १९८९ मध्ये थांबली, १९९६ मध्ये एका दूरचित्रपटापुरती परतली आणि २००५ मध्ये नव्याने नियमितपणे सुरू झाली. नव्या पर्वाचा क्रमांक पुन्हा एकपासून मोजला गेला. नट नवा, चित्रणशैली नवी. तरीही हा पुनरारंभ नव्हता. कारण नव्या नायकाला जुन्या नायकांचे आयुष्य आठवत होते. २००६ मध्ये जुन्या मालिकेतील सेरा जेन हे पात्र त्याच अभिनेत्रीसह परतले आणि मधला काळ कथेतही गेलेला काळ म्हणूनच मोजला गेला. २०२४ मध्ये पुन्हा एकदा 'पर्व पहिले' असे नाव देण्यात आले. नायक मात्र पंधरावा डॉक्टरच राहिला. क्रमांक एकपासून सुरू होणे म्हणजे कथा नव्याने सुरू होणे नव्हे, हा यातील धडा वाङ्मयेतिहासकारांनीही घेण्याजोगा आहे.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' हे याच्या उलट टोकाचे उदाहरण. १९७८ च्या मालिकेत सायलॉन ही यंत्रजात एका परकीय जमातीने घडविलेली होती. २००३ च्या नव्या रूपात ती माणसानेच घडविलेली दाखविली. नाव तेच, युद्ध तेच, परंतु कारण बदलले. त्यामुळे कथेचा नैतिक अर्थच पालटला. बाहेरच्या शत्रूची कथा आपल्याच निर्मितीची कथा झाली. स्टारबक हे पुरुषपात्र स्त्रीपात्र झाले, ही गोष्ट अधिक गाजली. खरा पुनरारंभ मात्र कार्यकारणभावातील बदलात होता.

तिसरा प्रकार २००९ च्या 'स्टार ट्रेक' चित्रपटाचा. यात जुन्या मालिकेतील वृद्ध स्पॉक भूतकाळात येतो, आणि त्याच्या आगेमागे घडलेल्या ढवळाढवळीमुळे काळाची एक वेगळी शाखा फुटते. जुनी मालिका खोटी ठरत नाही आणि नवी तिच्याशी बांधलीही जात नाही. यास पुनरारंभ किंवा अनुवृत्ती यांपैकी काहीच नेमकेपणाने म्हणता येत नाही. 'शाखाभेद' हीच संज्ञा येथे अधिक युक्त आहे.

या उदाहरणांतून तीन निकष हाती येतात. पहिला, स्मृती : नव्या कृतीला जुनी कृती ठाऊक आहे काय? दुसरा, कार्यकारणभाव : दोन्ही कृतींतील जग एकाच नियमांनी चालते काय? तिसरा, नामरूप : नावे, प्रतिमा, प्रसंग यांचे साम्य आहे काय? अनुवृत्तीत स्मृती आणि कार्यकारणभाव दोन्ही टिकतात. पुनरारंभात नामरूप टिकते, परंतु स्मृती किंवा कार्यकारणभाव बदलतो. केवळ नामरूपाच्या आधारे नाते जुळविणे हा सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा मार्ग होय.

३. पुराणकथा आणि विज्ञानकथा

आधी तिसरे विधान तपासू. मराठी विज्ञानकथेने, विशेषतः नारळीकरांनी, पौराणिक नावांचा मनमोकळा वापर केला आहे. 'यक्षांची देणगी', 'वामन परत न आला', 'अंतराळातील भस्मासुर' ही शीर्षकेच पाहावीत. नामरूपाचा निकष येथे पूर्णपणे लागू पडतो. म्हणून पुराणकथेची अनुवृत्ती विज्ञानकथेत झाली, असे म्हणता येईल काय?

याचे उत्तर कार्यकारणभावाच्या निकषावर मिळते. त्यासाठी अगस्त्यांचीच कथा घेता येईल. महाभारताच्या वनपर्वात कालकेय असुर समुद्रात दडून बसतात आणि देवांच्या विनंतीवरून अगस्त्य समुद्र पिऊन टाकतात. असुरांचा वध झाल्यावर देव समुद्र पुन्हा भरून देण्याची विनंती करतात, तेव्हा ते पाणी पचून गेले असे अगस्त्य सांगतात. पुढे भगीरथाने गंगा आणल्यावर समुद्र भरतो. या कथेत 'पाणी कोठे गेले' हा प्रश्न विचारला गेला आहे, ही लक्षणीय गोष्ट होय. पुराणकथा तर्कशून्य असते, असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. परंतु त्या प्रश्नाचे उत्तर तपःसामर्थ्याच्या चौकटीत दिले जाते आणि त्या चौकटीत ते पुरेसे असते. विज्ञानकथेत हाच प्रसंग आला, तर लेखकाला त्या पाण्याच्या वस्तुमानाचा हिशेब द्यावा लागेल. हिशेब काल्पनिक असला तरी चालेल. तो टाळून मात्र चालणार नाही.

'वामन परत न आला' या कादंबरीत हा बदल नेमका दिसतो. जमिनीच्या पोटात खोलवर सापडलेल्या पेटीतून एका लुप्त, प्रगत संस्कृतीचे ज्ञान हाती येते आणि त्यातून 'वामन' हा यंत्रमानव घडविला जातो. बळीकडे तीन पावले मागणाऱ्या वामनाची आठवण शीर्षक जागी करते. छोटी वाटणारी मागणी सर्वस्व व्यापून टाकते, हे मूळ कथेचे सूत्रही राहते. परंतु येथे व्यापण्याचे कारण अवतारकार्य नाही. स्वतःसारखी यंत्रे निर्माण करू पाहणाऱ्या यंत्राचे तर्कशास्त्र हे आहे. नाव राहिले, कारण बदलले. 'बॅटलस्टार गॅलॅक्टिका'च्या संदर्भात ज्यास पुनरारंभ म्हटले, तोच हा प्रकार होय.

म्हणून पुराणकथा ही विज्ञानकथेची पूर्वावस्था नसून तिचे शब्दभांडार आहे, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल. अगस्त्यांच्या नावावरील विद्युत्घटाच्या दाव्यालाही हाच विवेक लागू करता येतो. एखाद्या ग्रंथात तांबे, जस्त आणि मृत्तिकापात्र यांचा उल्लेख दाखविणे वेगळे, आणि मोजमाप, पुनरावृत्ती, चूक शोधण्याची रीत यांसह विद्युत्शास्त्र दाखविणे वेगळे. पहिले नामरूपाचे साम्य आहे, दुसरे कार्यकारणभावाचे. नारळीकरांनी 'द सायंटिफिक एज' (२००३) या ग्रंथात प्राचीन भारतीय विज्ञानाची चर्चा करताना पुराव्याची हीच कसोटी लावली. ज्या लेखकाने पौराणिक नावे सर्वाधिक वापरली, त्यानेच पुराणांत विज्ञान शोधण्याच्या प्रवृत्तीला पुराव्याची अट घातली. यात विसंगती नाही. पुनरारंभ करणाऱ्यालाच आपण काय ठेवले आणि काय सोडले, याचे भान असावे लागते.

'धूमकेतू' या कथेत तर हे भान कथावस्तूच बनले आहे. पृथ्वीवर आदळू पाहणाऱ्या धूमकेतूचा मार्ग शास्त्रज्ञ बदलतात. त्याच वेळी शोधकर्त्याच्या घरात संकटनिवारणार्थ यज्ञ होतो. संकट टळल्यावर श्रेय कोणाला, हा प्रश्न कथा वाचकासमोर ठेवते. दोन कार्यकारणभाव एकाच घरात, एकाच कुटुंबात नांदताना दाखवून लेखक जी वेदना व्यक्त करतो, ती पुराणे आणि विज्ञान एकच मानणाऱ्यांना जाणवूच शकणार नाही.

४. १९७४ पूर्वीची सात दशके

आता पहिल्या दोन विधानांकडे वळू. कृष्णाजी नारायण आठल्ये यांच्या 'केरळ कोकिळ' मासिकात १९०० पासून ज्यूल व्हर्न यांच्या चंद्रप्रवासाच्या कादंबरीचे रूपांतर 'चंद्रलोकची सफर' या नावाने क्रमशः प्रसिद्ध होऊ लागले. मूळ फ्रेंच कादंबरी १८६५ ची. पुढे नाथमाधव यांची 'श्रीनिवासराव' ही कादंबरी आणि श्री. बा. रानडे यांची 'तारेचे हास्य' ही कथा यांचा उल्लेख आद्य मराठी विज्ञानकथा म्हणून केला जातो. स्वातंत्र्योत्तर काळात भा. रा. भागवत यांनी व्हर्नच्या कादंबऱ्या कुमारवाचकांसाठी मराठीत आणल्या : 'चंद्रावर स्वारी', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', 'मुक्काम शेंडेनक्षत्र'. भयकथाकार म्हणून ओळखले जाणारे नारायण धारप (१९२५–२००८) यांनीही विज्ञानकल्पित लेखन केले. १९६६ मध्ये मराठी विज्ञान परिषदेची स्थापना झाली आणि तिच्या विज्ञानरंजन कथास्पर्धेत १९७४ मध्ये 'कृष्णविवर' या कथेस प्रथम पारितोषिक मिळाले. नारळीकरांनी ती कथा 'नारायण विनायक जगताप' या टोपणनावाने पाठविली होती. स्वतःच्या आद्याक्षरांचा क्रम उलटा करून हे नाव बनविले होते. परीक्षकांना अक्षर ओळखता येऊ नये, म्हणून प्रत पत्नीच्या हस्ताक्षरात केली होती. पुढच्याच वर्षी कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षीय भाषणात दुर्गा भागवत यांनी या नव्या लेखनाची दखल घेतली.

या नोंदींवरून १९७४ पूर्वी काहीच नव्हते असे म्हणता येत नाही. 'जनक' हे बिरुद त्यामुळे शब्दशः स्वीकारता येत नाही. मात्र 'काहीतरी होते' आणि 'त्यातूनच हे आले' या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. दुसरी सिद्ध करण्यासाठी स्मृतीचा निकष लावावा लागेल.

या ठिकाणी शीर्षकांचीच साक्ष काढता येते. 'सफर', 'स्वारी', 'यात्रा', 'मुक्काम' : व्हर्नच्या वाटेने मराठीत आलेल्या विज्ञानकल्पित कृतींची ही नावे प्रवासवाचक आहेत. माणूस घर सोडून निघतो, अज्ञाताकडे जातो आणि परत येऊन वृत्तांत सांगतो. तीर्थयात्रा आणि मोहीम या दोन जुन्या मराठी अनुभवांशी ही कल्पना सहज जुळली. 'स्वारी' हा शब्द तर थेट बखरीतला. आता नारळीकरांची शीर्षके पाहावीत : 'कृष्णविवर', 'धूमकेतू', 'प्रेषित', 'व्हायरस'. ही वस्तूंची किंवा येणाऱ्यांची नावे आहेत. प्रवासाची दिशा येथे उलटली आहे. माणूस विश्वाकडे जाण्यापेक्षा विश्वच माणसाच्या दारी येते, आणि कथा वेधशाळेत, समितीच्या बैठकीत, मंत्रालयाच्या दालनात घडते. नायक प्रवासी राहत नाही. तो संस्थेत काम करणारा संशोधक होतो. त्याचे शस्त्र धाडस नसून निरीक्षण, गणित आणि योग्य वेळी योग्य व्यक्तीस लिहिलेले पत्र हे असते. ही विभागणी निरपवाद नाही. नारळीकरांच्या कथांतही अंतराळप्रवास आहेच. तथापि गुरुत्वमध्य सरकला, एवढे निश्चित म्हणता येते.

५. शाखाभेद : जनक नव्हे, चुलत नाते

हा गुरुत्वमध्य कोठून आला? नारळीकरांचे चरित्र याचे उत्तर देते. जन्म कोल्हापूरचा (१९३८), बालपण आणि शालेय शिक्षण बनारसमध्ये, पुढील अध्ययन व संशोधन केंब्रिजमध्ये फ्रेड हॉइल यांच्या मार्गदर्शनाखाली, आणि १९७२ मध्ये मायदेशी परतून टाटा मूलभूत संशोधन संस्थेत अध्यापन व संशोधन. त्यांचे गुरू हॉइल हे स्वतः विज्ञानकथाकार होते. १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'द ब्लॅक क्लाउड' या त्यांच्या कादंबरीत आंतरतारकीय वायूचा एक ढग सूर्यमालेत येतो, शास्त्रज्ञ त्याचा माग काढतात, आणि त्यांना राज्यकर्त्यांशी झगडावे लागते. येणारी वस्तू, निरीक्षण करणारे संशोधक, संशयी शासनयंत्रणा हा आराखडा नारळीकरांच्या कथाविश्वाशी ज्या प्रमाणात जुळतो, त्या प्रमाणात 'चंद्रलोकची सफर' जुळत नाही. 'कृष्णविवर' हा विषयही याच वाटेने आला. जॉन व्हीलर यांच्या १९६७ मधील व्याख्यानानंतर या खगोलवस्तूचे इंग्रजी नाव रूढ झाले आणि अवघ्या सात वर्षांत ती मराठी कथेचे शीर्षक बनली. संशोधनाच्या आघाडीवर काम करणाऱ्याच्या हातूनच हे घडू शकले.

म्हणून स्मृतीच्या निकषावर १९७४ ची कथा ही १९०० च्या कथेची अनुवृत्ती ठरत नाही. पण तिला पुनरारंभही म्हणता येत नाही. कारण पुनरारंभासाठी जुने हाती असावे लागते आणि ते जाणून बाजूस सारावे लागते. व्हर्न-भागवत परंपरेस नकार देण्याचा आविर्भाव नारळीकरांच्या कथेत कोठेच नाही. जेथे नकार नाही आणि स्वीकारही नाही, तेथे शाखाभेदाचीच संकल्पना उपयोगी पडते. युरोपीय विज्ञानकथेच्या एकाच खोडातून दोन फांद्या मराठीत आल्या. एक व्हर्नची, ती मासिके आणि अनुवाद यांच्या मार्गे. दुसरी हॉइलची, ती केंब्रिजमधील गुरुशिष्यसंबंधाच्या मार्गे. या दोन फांद्यांचे नाते बापलेकाचे नाही, चुलत आहे.

एच. जी. वेल्स यांच्या 'द वॉर ऑफ द वर्ल्ड्स' (१८९८) या कादंबरीत परग्रहवासी पृथ्वीवर येतात; तेव्हा 'आगमना'ची कल्पना हॉइल यांची एकट्याची नव्हे, असा आक्षेप येथे घेता येईल. तो रास्त आहे. परंतु वेल्सचे आगमन आक्रमणाच्या रूपातले आहे आणि त्याचा साक्षीदार सामान्य नागरिक आहे. संशोधनसंस्था आणि शासन यांच्यातील ताण हा कथेचा कणा होणे, हे हॉइल यांच्या पिढीचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरच्या विज्ञानव्यवहाराचे वैशिष्ट्य होय. नारळीकरांनी तो कणा भारतीय संस्थाजीवनात बसविला, ही त्यांची स्वतःची कामगिरी.

शाखाभेदाची ही कल्पना नारळीकरांना परकी नव्हती. 'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेत पानिपतच्या रणात विश्वासरावांना लागलेली गोळी चुकते आणि मराठ्यांच्या इतिहासाची दुसरीच शाखा फुटते. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे त्या शाखेत काही काळ वावरून येतात. या कथेचे इंग्रजी रूप 'द अ‍ॅडव्हेंचर' राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन आणि प्रशिक्षण परिषदेच्या अकरावीच्या इंग्रजी पाठ्यपुस्तकात समाविष्ट झाले. दोन इतिहास खरे असू शकतात, त्यांतील एक दुसऱ्याचा पुढील भाग असण्याची गरज नाही, हा त्या कथेतील विचार मराठी विज्ञानकथेच्या इतिहासालाही लागू करता येतो.

६. वाचकाची बाजू

येथवरचा विचार लेखकाच्या बाजूने झाला. वाचकाच्या बाजूने पाहिल्यास चित्र बदलते. १९७४ नंतर 'किर्लोस्कर'सारख्या मासिकांतून नारळीकरांच्या कथा वाचणारा प्रौढ वाचक आकाशातून पडलेला नव्हता. लहानपणी त्याने भागवतांबरोबर चंद्रावर स्वारी आणि शेंडेनक्षत्रावर मुक्काम केलेला असण्याचा संभव मोठा होता. १९६९ मध्ये मानव प्रत्यक्ष चंद्रावर उतरल्याची बातमी त्याने वाचली होती. विज्ञानाधारित कल्पिताला 'हे कसे शक्य आहे' असे न म्हणता 'बरे, मग पुढे?' असे विचारण्याची सवय त्याला आधीच्या शाखेने लावली होती. लेखकाला जी परंपरा आठवत नव्हती, ती वाचकाला आठवत होती.

पुढच्या पिढीत हे दोन्ही प्रवाह एकत्र आले, असे दिसते. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्यासारख्या लेखकांपुढे नारळीकरांची कथा होती आणि आधीच्या अनुवादित कथेचे संस्कारही होते. अरुण साधूंसारख्या राजकीय कादंबरीकाराने 'विप्लवा' ही विज्ञानकल्पित कादंबरी लिहिली, हेही या प्रकाराला मुख्य प्रवाहात जागा मिळू लागल्याचे चिन्ह होते. फोंडके यांनी संपादित केलेल्या आणि नॅशनल बुक ट्रस्टने १९९३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या 'इट हॅपन्ड टुमॉरो' या इंग्रजी संग्रहामुळे मराठी विज्ञानकथा अन्य भारतीय भाषांतील कथांच्या शेजारी वाचता आली. अनुवृत्ती म्हणावी अशी गोष्ट घडली असेल, तर ती १९७४ मध्ये नव्हे, त्यानंतर घडली. तिचा वाहक लेखक एकटा नव्हता. मासिक, स्पर्धा आणि वाचक यांची ती संयुक्त कमाई होती. टोपणनावाने आलेली कथा केवळ गुणांवर निवडली जाते, यासाठी स्पर्धा, परीक्षक आणि त्यांना दर्जा ओळखू देणारी पूर्वतयारी लागते. ती पूर्वतयारी 'जनक' या एका शब्दाने पुसली जाते.

७. अध्यापनाच्या दृष्टीने

पदवी स्तरावर विज्ञानकथा शिकविताना सामान्यतः नारळीकरांची एखादी कथा नेमलेली असते आणि तिच्या आधी अर्ध्या पानाची पूर्वपीठिका दिली जाते. या रचनेतून विद्यार्थ्याच्या मनात दोन गैरसमज रुजण्याचा धोका आहे. त्यास १९७४ पूर्वीचे लेखन बालवाङ्मय वाटून गौण वाटू लागते. किंवा परंपरेची लांबी वाढविण्याच्या उत्साहात तो पुराणांनाही विज्ञानकथेत जमा करतो. पहिल्या गैरसमजात भाषांतरकार आणि कुमारसाहित्यकार यांच्यावर अन्याय होतो. दुसरा गैरसमज अधिक गंभीर आहे. त्यात विज्ञानाची कसोटीच निसटते.

'चंद्रलोकची सफर', 'चंद्रावर स्वारी' आणि 'धूमकेतू' यांतील निवडक भाग शेजारी ठेवून तीन प्रश्न विचारणे हा यावरील साधा उपाय ठरू शकेल. नंतरच्या लेखकाला आधीचे ठाऊक असल्याच्या खुणा कोठे दिसतात? घटना कशामुळे घडते, आणि ते कारण तपासता येण्याजोगे आहे काय? समान आहे ते केवळ नाव आहे की आणखी काही? अगस्त्यकथा ठाऊक असलेल्या विद्यार्थ्याला चौथा मजकूर म्हणून समुद्रप्राशनाची कथा देता येईल. त्या कथेचे सौंदर्य कमी न करता ती विज्ञानकथा का नाही, हे त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता आले, तर अभ्यासक्रमाचा हेतू सफल झाला असे मानावे.

८. निष्कर्ष

मराठी विज्ञानकथेच्या संदर्भात 'पुनरारंभ की अनुवृत्ती' या प्रश्नाचे एकच उत्तर संभवत नाही. पुराणकथेच्या संदर्भात १९७४ नंतरची विज्ञानकथा हा जाणीवपूर्वक केलेला पुनरारंभ आहे : नावे ठेवली, कारणे बदलली. व्हर्न-भागवत परंपरेच्या संदर्भात तो शाखाभेद आहे : मूळ समान, वाटा स्वतंत्र. वाचकाच्या संदर्भात ती अनुवृत्ती आहे, आणि ही अनुवृत्ती मासिके, अनुवाद व कथास्पर्धा यांनी घडविली आहे. त्यामुळे 'जनक' या बिरुदाऐवजी नारळीकरांना मराठी विज्ञानकथेच्या दुसऱ्या शाखेचे प्रवर्तक म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. त्यात त्यांची थोरवी कमी होत नाही. तिचे नेमके स्थान कळते.

डिसेंबर २०२१ मध्ये नाशिक येथे झालेल्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद नारळीकरांकडे आले, तेव्हा विज्ञानकथेला साहित्यव्यवहाराची औपचारिक मान्यता मिळाली. २० मे २०२५ रोजी त्यांचे पुण्यात निधन झाले. आता हाच प्रश्न नव्या लेखकांपुढे उभा आहे, आणि या वेळी स्मृती नसल्याची सबब उपलब्ध नाही. यक्ष, वामन, भस्मासुर ही नावे पुन्हा वापरणे सोपे आहे. त्याने नामरूपाची अनुवृत्ती होईल. संस्था, शासन, घर आणि श्रद्धा यांच्या गुंत्यात सापडलेल्या विज्ञानाचा हिशेब वाचकाला देणे, हा नारळीकरांच्या कथेचा खरा वारसा आहे. पुढील पिढीने तो वारसा चालवावा की मोडून नवा मांडावा, हे ठरविण्याचा अधिकार तिचा आहे. मात्र मागील पानावर काय लिहिले आहे, हे वाचून तिने तो निर्णय घ्यावा, आणि ते पान तिच्यापर्यंत पोहोचविणे हे अध्यापकांचे काम आहे.